टंगस्टन फ्रेनेल नागपुरात आणून पेटवेपर्यंत

एका लघुपटातले रात्रीचे प्रसंग नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात चित्रित करायचे होते. कंदिलाचा उजेड, चौकात उतरलेलं चांदणं आणि भिंतीवर माणसाची ठसठशीत सावली, एवढंच लागत होतं. एलईडी पॅनल नागपुरात हवे तेवढे मिळतात, लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे तर रास पडलेली असते. पण पॅनलचा उजेड पसरट असतो, सावलीच्या कडा विरघळून जातात. मला एका ठिकाणाहून निघणारा, हवा तसा आवळता-सोडता येणारा उजेड हवा होता, म्हणजे फ्रेनेल. एलईडीचे चांगले फ्रेनेल बघितले आणि त्यांची किंमत बघून गप्प बसले. जुने टंगस्टनचे, म्हणजे तापलेल्या तारेच्या बल्बचे, मात्र मुंबईत बऱ्याच भाडेवाल्यांना आता गोदामात नकोसे झालेत, असं नाटकवाल्या मित्राकडून कळलं.

ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळातला हा सगळा खटाटोप आहे. पैसे किती गेले, कागद कोणते लागले, कुठे थांबावं लागलं, ते क्रमाने लिहिते. मी सुरू केलं तेव्हा विदर्भात हे कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. नाटकवाल्यांना दिवे माहीत, इलेक्ट्रिशियनला वीज माहीत, कॅमेरावाल्यांना एक्स्पोजर माहीत, आणि तिघांची एकमेकांशी गाठ नाही.

ज्यांनी हा दिवा जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहासाठी एक भिंग बनवलं आणि ते १८२३ मध्ये कोर्दुआनच्या दीपगृहात बसलं. जाड भिंगाच्या पोटातली काच काढून टाकायची आणि फक्त वक्र पृष्ठभागाच्या पायऱ्या-पायऱ्यांची वलयं ठेवायची, ही त्यातली युक्ती. काच पातळ झाल्याने वजन कमी होतं आणि उष्णतेने तडकण्याची भीतीही कमी होते. सिनेमाच्या दिव्यात या भिंगाची मागची बाजू मुद्दाम खडबडीत ठेवतात, म्हणजे वलयांचे डाग भिंतीवर पडत नाहीत. आत बल्ब आणि त्यामागचा आरसा एकाच गाडीवर बसवलेले असतात. गाडी भिंगापासून मागे नेली की झोत आवळतो, भिंगाजवळ आणली की पसरतो. हजार वॅटच्या दिव्याला सेटवर ‘बेबी’ म्हणतात आणि मुंबईतले लाइटमन फ्रेनेलला सरसकट ‘सोलर’ म्हणताना ऐकलं. सूर्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवते, कारण आमच्या वाड्याच्या मालकांनी ‘सोलर’ ऐकून अनुदान किती मिळतं ते विचारलं होतं.

सगळ्यात आधी केलेलं काम म्हणजे वाड्याचं वीजबिल मागून घेणं. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. वाड्याचा होता दोन किलोवॅट, एक फेज. आता मला लागणारे दिवे मोजा: चांदण्यासाठी दोन हजार वॅटचा एक, हजारचे तीन आणि साडेसहाशेचे दोन. बेरीज ६,३०० वॅट. २३० व्होल्टने भागलं की साधारण सत्तावीस अँपिअर. टंगस्टनच्या बाबतीत हा हिशोब सरळ असतो, वॅट भागिले व्होल्ट, मध्ये कुठली भानगड नाही. मी कागद पुढे केला तर मालक आजोबा म्हणाले, “काऊन बाप्पा, इतके लाइट कायले पायजेत? घर पेटवतं का माझं?”

घर पेटवायचं नव्हतंच. पण दुसरीही एक अडचण होती, ती मला विजेच्या ठेकेदाराने नंतर नीट समजावली. घरगुती जोडणीवरून शूटिंगसारखं धंद्याचं काम केलं तर तो विजेचा अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि नोटीस येते ती मालकाच्या नावाने. म्हणजे ज्यांनी वाडा वापरायला दिला त्यांच्याच गळ्यात. त्यामुळे दिवे विकत घ्यायच्या आधीच ठरलं की तात्पुरती वेगळी जोडणी घ्यायची. जनरेटरचाही विचार केला होता. पंधरा केव्हीएचा सायलेंट जनरेटर रात्रीच्या पाळीला सहा हजार अधिक डिझेल, असा भाव सांगितला गेला. शिवाय ‘सायलेंट’ हा शब्द मोकळ्या मैदानावर ठीक आहे. महालातल्या गल्लीत रात्री अकरा वाजता तो किती सायलेंट राहील याची मला कल्पना होती, आणि आवाज संवादासोबतच रेकॉर्ड करायचा होता.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. याचा दिव्यांशी काय संबंध, असं वाटेल. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड जवळ असली तर तपासणी पथकाला कागद दाखवावे लागतात, नाहीतर पैसे अडकतात. जुन्या सामानाच्या बाजारात रोखीने भाव पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी बँकेतूनच पैसे देणार आणि पक्कं बिल घेणार असं भाडेवाल्यांना आधी फोनवर सांगितलं. एकाने तिथेच फोन ठेवला. दुसरा तयार झाला.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेले. गोदाम अंधेरीत होतं. तिथल्या वयस्क लाइटमन दादांनी माझ्यासाठी दोन तास घालवले, त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा प्यायले. काय बघायचं ते त्यांनी दाखवलं, ते तसंच लिहिते.

भिंग उजेडासमोर धरून केसाएवढी तडक आहे का बघायची. मधल्या वलयात तडक असेल तर तो दिवा सोडून द्यायचा. कडेला टवका उडालेला चालतो. भिंगापुढची जाळी शाबूत हवी, काच फुटलीच तर तुकडे खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून ती असते. मग फोकसची मूठ फिरवून गाडी पूर्ण पुढे-मागे जाते का बघायचं. अर्ध्यात अडकत असेल तर आतला स्क्रू वाकलेला असतो. शेवटी होल्डर. दिव्याच्या पिना जिथे बसतात त्या ठिकाणी काळे खड्डे पडले असतील तर होल्डर बदलावाच लागेल. खराब होल्डरमध्ये नवा दिवा घातला की दिव्याच्या पिना जळतात, मग तो दिवा चांगल्या होल्डरलाही खराब करतो. “रोग हाय तो, पसरतो,” दादा म्हणाले.

एका साडेसहाशेच्या दिव्यात बल्ब तसाच होता. दादांनी रुमालाने धरून बाहेर काढला, उजेडात फिरवला आणि माझ्या हातात दिला. बुडाशी बारीक अक्षरात १२० व्होल्ट. अमेरिकेच्या विजेवर चालणारा बल्ब आणि इथला २३० व्होल्टचा, दोघांचा बेस सारखाच असतो, त्यामुळे बसतो अगदी बरोबर. आपल्या सॉकेटला लावला की क्षणात स्फोट. जुना दिवा विकत घेताना त्याच्यात आधीपासून बसवलेला बल्ब हा फुकट मिळालेला फायदा समजू नका, आधी त्याच्यावरची अक्षरं वाचा.

दोन हजारचा देशी बनावटीचा दिवा साडेसात हजाराला मिळाला, हजारचे देशी तीन साडेचार-साडेचार हजाराला, आरी कंपनीचे साडेसहाशेचे दोन प्रत्येकी अकरा हजाराला. सहा वजनदार स्टँड अठराशे रुपयांप्रमाणे. एकूण ५३,८०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ६३,४८४ रुपये. बिलावर प्रत्येक नगाचं वर्णन वेगळं लिहून घ्या. राज्यातल्या राज्यात मालाची किंमत एक लाखाच्या आत असेल तर महाराष्ट्रात ई-वे बिल लागत नाही, पण ट्रान्सपोर्टवाला बिलाची प्रत मागतोच.

भिंगं काढून मी स्वतःच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून रेल्वेने आणली. दिव्यांची धूड ट्रान्सपोर्टने नागपूरजवळच्या वाडीला आली. दिवाळीत गाड्याच बंद होत्या, त्यामुळे बिल्टी नंबर घेऊन नुसतं फोन करत बसले. भाडं आणि हमाली मिळून ३,१०० रुपये. वाडीच्या गोदामात सकाळी लवकर जा, दुपारी माल उतरवायला सुरुवात झाली की आपल्या सहा खोक्यांकडे कोणी बघत नाही.

नोव्हेंबर दुरुस्तीत गेला आणि खरं सांगायचं तर या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता काळ हाच. आमच्या भागातले इलेक्ट्रिशियन काका आयुष्यभर मोटारी आणि गिझर दुरुस्त करत आलेले. त्यांनी हजारचा दिवा उघडला, आत बघितलं आणि म्हणाले, “हे तर गिझरच होय ताई, फक्त पाणी नाही.” एका अर्थी बरोबर आहे, कारण टंगस्टनच्या दिव्यात जाते त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊनच बाहेर पडते.

दोन हजारचा दिवा सगळ्यात जुना होता. त्याच्या आतल्या वायरींवर पांढरट, कापसासारखी वीण होती. काका ती ओढायला निघाले तेव्हा थांबवलं, कारण जुन्या स्टुडिओ दिव्यांमध्ये उष्णतेपासून वाचवायला ॲस्बेस्टॉसची नळी घालत असत आणि तिची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ती ॲस्बेस्टॉसच होती की काय हे तपासायला प्रयोगशाळा कुठे शोधणार? आहे असंच धरून चाललो. अंगणात, एन-९५ मास्क लावून, स्प्रेने भिजवून ओली-ओलीच कापून काढली आणि दोन पिशव्यांमध्ये बंद केली. एका ओळखीच्यांचा बुटीबोरीला कारखाना आहे, त्यांच्या घातक कचऱ्यासोबत ती गेली. तुमच्याकडे असा जुना दिवा आला तर निदान एवढं करा की सुकी वीण ओढू नका आणि झाडू मारू नका.

आतल्या वायरी बदलून सिलिकॉनच्या, त्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह. दोन होल्डर नवे. बाहेरची केबल तीन तारांची, हजारपर्यंत दीड चौरस मिलीमीटरची आणि दोन हजारला अडीचची. या दिव्यांचं अंग धातूचं असतं आणि माणूस ते तापलेलं असताना हाताळतो, म्हणून अर्थिंगची तार धुडाला स्क्रूने घट्ट बसलीच पाहिजे. रंग खरवडून, स्वच्छ धातूवर. मग मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासलं. सामान ६,८०० रुपयांचं लागलं, काकांची मजुरी त्यातच.

बल्ब मागवताना बेस नीट बघा. जी२२, जी३८ यातला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये. साडेसहाशेचा जीवाय९.५ आणि हजारचा जीएक्स९.५, दोन्हींचं अंतर साडेनऊच, पण पिनांची जाडी वेगळी, एकाचा दुसऱ्यात बसत नाही. सीपी/८९ म्हणजे साडेसहाशेचा, सीपी/७० म्हणजे हजारचा, हे कोड सांगितले की दुकानदार चुकत नाही. शिवाय २४० नाही, २३० व्होल्टचे मागा. त्याचं कारण पुढे येईल. सुट्यांसकट आठ बल्बांचे १६,२०० झाले, म्हणजे तीन बेबींच्या किमतीपेक्षा जास्त. या बल्बांचं आयुष्य वॅटेजप्रमाणे साधारण दीडशे ते चारशे तास असतं, तेव्हा प्रत्येकाची वही ठेवते.

बल्बला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, हे सगळेच सांगतात, का ते कोणी सांगत नाही. हॅलोजनच्या दिव्यात तारेवरून उडालेलं टंगस्टन आतल्या हॅलोजनशी संयोग पावतं आणि फिरून तारेवरच येऊन बसतं. त्यासाठी बाहेरची काच किमान अडीचशे अंश तापलेली राहावी लागते, म्हणून ती क्वार्ट्झची आणि तारेच्या इतकी जवळ. बोटाचं तेल त्या उष्णतेत काचेवर भाजून निघतं, तिथे ती पांढरी पडते, फुगते आणि फुटते. लागलाच हात तर गार बल्ब स्पिरिटने पुसून कोरडा करायचा.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. निकालानंतर तात्पुरत्या जोडणीचा अर्ज ऑनलाइन भरला. लागलेले कागद: माझं ओळखपत्र, मालकांची संमती, वाड्याच्या कराची पावती, काम काय आणि किती दिवसांचं याचं साधं पत्र, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. हा शेवटचा कागद आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनचा चालत नाही, ठेकेदाराचा परवाना क्रमांक लागतो. ठेकेदार, त्याचा वितरण बोर्ड आणि तीन दिवस हजर राहणारा माणूस मिळून आठ हजार ठरले. मी आठ किलोवॅट मागितले होते, त्याने तीन फेज घ्यायला लावली.

जागा बघायला आलेल्या अभियंत्यांनी पहिला प्रश्न विचारला, “एकदम किती चालू करणार?” हा प्रश्न फार नेमका आहे. गार तारेचा रोध तापलेल्या तारेच्या मानाने खूपच कमी असतो, त्यामुळे बटण दाबल्या क्षणी नेहमीच्या दहा-बारा पट प्रवाह ओढला जातो. तो टिकतो डोळ्याची पापणी लवेपर्यंत, पण बी प्रकारचा एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, तेवढ्यातही पडू शकतो. आम्ही असा क्षणाचा धक्का जास्त सोसणारे सी प्रकारचे, सोळा अँपिअरचे लावले आणि नियम केला की दिवे एकेक करून पेटवायचे. वाटणी अशी: आर फेजवर दोन हजारचा, वाय फेजवर हजारचे दोन, बी फेजवर हजारचा एक आणि साडेसहाशेचे दोन. तिन्हीवर नऊ ते दहा अँपिअर. वेगवेगळ्या फेजचे दिवे एका माणसाच्या दोन्ही हातांना एकाच वेळी पोचतील इतके जवळ ठेवायचे नाहीत, कारण दोन फेजमध्ये चारशे व्होल्ट असतात. हे ठेकेदाराने खडूने जमिनीवर आखून दाखवलं.

डिमांड, म्हणजे महावितरणकडे आधी भरायची रक्कम, चौदा हजारांच्या आसपास निघाली, त्यातला मोठा भाग परत मिळणारी ठेव. भरली आणि मीटरची वाट बघत बसले.

पोलिसांच्या ना-हरकतीचं थोडक्यात आवरते. डिसेंबरमध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं हे नागपूरकराला सांगायला नको. त्या वर्षी १५ तारखेला मंत्र्यांचा शपथविधीही इथेच झाला आणि १६ ते २१ अधिवेशन चाललं. त्या दिवसांत बंदोबस्त सोडून दुसऱ्या कशासाठी वेळ मागणं मला बरं वाटलं नाही. अर्ज आधी देऊन ठेवला, पोच घेतली, आणि २३ तारखेनंतर विचारायला गेले. मालकांचं पत्र, चमूची यादी आणि आधारच्या प्रती, कथेचा गोषवारा, तारखा आणि वेळा, एवढ्यावर काम झालं. सरकारी जागेत चित्रीकरण असेल तर राज्याच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे, तिकडून जावं. खासगी वाड्याला ते लागलं नाही. गल्लीतल्या शेजाऱ्यांना मी स्वतः घरोघर जाऊन सांगून आले. त्याची कुठे पावती नसते, पण तीन रात्रींत एकदाही कोणी भांडायला आलं नाही.

शूटिंग ३ ते ५ जानेवारी. मुद्दाम थंडी निवडली होती. मे महिन्यात बंद माजघरात सहा किलोवॅट पेटवण्याची कल्पना करून बघा. जानेवारीत मात्र सगळा चमू दोन हजारच्या दिव्यामागे हात शेकत उभा.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता बोर्डावर व्होल्टेज २१२. आता २३० आणि २४० चा मुद्दा. टंगस्टनच्या दिव्याला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो आणि रंग तांबूस होतो. २४० व्होल्टचा बल्ब २१२ वर लावला तर त्याचा तिसरा हिस्सा उजेड गेलाच, आणि उजेडाच्या रंगाचं माप ३२०० केल्विनवरून ३०५० च्या आसपास उतरतं. माझे २३० चे होते म्हणून तोटा कमी झाला. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर रोज नव्याने घेत गेलो. याची दुसरी बाजू अशी की कमी व्होल्टेजवर बल्बचं आयुष्य कित्येक पट वाढतं. नऊनंतर गावाने गिझर-हीटर बंद केले की व्होल्टेज चढायचं, म्हणून एकाच प्रसंगाचे सगळे शॉट एका बैठकीत काढले.

कंदिलाच्या प्रसंगासाठी नाटकवाल्या मित्राने डिमर आणला होता. उजेड सुरेख उतरला, पण साउंडवालीने हेडफोन काढून सगळ्यांकडे बघितलं. थायरिस्टरच्या डिमरवर तार कंप पावते आणि बारीक गुणगुण येते, नाट्यगृहात ती पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही, पण माइकला जाते. डिमर परत पेटीत गेला. त्याऐवजी स्टीलच्या जाळीचे स्क्रिम लावले. दाट जाळी एक स्टॉप कमी करते, म्हणजे उजेड निम्मा होतो, विरळ अर्धा स्टॉप. मी इतवारीतून मीटरभर जाळी आणून पत्र्याच्या कड्यांत बसवून घेतले होते, आणि मोजले तेव्हा जवळपास बरोबर निघाले.

भिंतीवरच्या सावलीसाठी मी सवयीने झोत आवळत होते. मित्राने उलटं करायला लावलं. फ्रेनेलची सगळ्यात धारदार सावली झोत पूर्ण पसरवल्यावर पडते. गाडी मागे असते तेव्हा भिंगाचा मोठा भाग मिळून उजेड फेकतो, पुढे आणली की उजेडाचं उगमस्थान लहान होतं. पसरून नको तिकडे जाणारा उजेड बार्न डोअर, म्हणजे दिव्यापुढच्या पत्र्याच्या झडपा, आणि काळ्या कटरने अडवला. नायिकेच्या नथीची सावलीसुद्धा भिंतीवर ओळखू आली. मला याच एका शॉटसाठी अंधेरी गाठावी लागली असती तरी चाललं असतं.

चांदण्यासाठी दोन हजारचा दिवा वरच्या गॅलरीत, अर्धा सीटीबी, म्हणजे पिवळट उजेड निळसर करणारं जिलेटिन लावून. पूर्ण निळा लावला तर उजेडाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, आणि चांदणंही जाहिरातीतलं वाटतं. जिलेटिन अडकवायला कपडे वाळवायचे लाकडी चिमटे, प्लॅस्टिकचे वितळतात. सागवानी तुळईपासून दिवा दीड मीटर लांब, वरच्या छिद्रांवर काहीही झाकायचं नाही, स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या, प्रत्येक मजल्यावर एक अग्निशामक सिलिंडर. केबलचं उरलेलं वेटोळं तसंच ठेवू नका, आठ-नऊ अँपिअर चालत असताना ते आतून तापतं, नागमोडी पसरून ठेवा. चामड्याचे हातमोजे दोन जोड तरी हवेत, आणि पेटलेला किंवा नुकताच विझवलेला दिवा हलवायची घाई नको. तापलेली तार मऊ असते, धक्क्याने तुटते. आमचा एक साडेसहाशेचा बल्ब असाच गेला, जिना उतरताना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन हजारचा लावला की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पडणारा स्विच, पडायचा. बाकी पाच ठीक. रात्रभर तो गॅलरीत दवात राहिला होता, चिनीमातीच्या होल्डरने आणि स्लीव्हने ओल धरली होती. तीस मिलीअँपिअर गळती झाली की आरसीसीबी तोडणारच, त्यासाठीच तो आहे. कोणीतरी सुचवलं की तेवढ्यापुरता आरसीसीबी वगळून थेट जोडू. ठेकेदाराच्या माणसाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. दिवा उघडून हेअर ड्रायरने तासभर वाळवला, मेगर पुन्हा लावला, मग चालला. तो तास आम्ही हजारच्या दिव्यांवर माजघरातले शॉट काढण्यात घालवला. त्यानंतर रोज पहाटे सगळे दिवे गार झाल्यावर आत आणून झाकून ठेवले.

आजोबा तिन्ही रात्री चौकात खुर्ची टाकून बसले होते. शेवटच्या रात्री चांदण्याच्या शॉटकडे बघून म्हणाले, “असं चांदणं तर आता आमच्या वाड्यात पडतच नाही जी, समोर चार माळ्याचं झालं न.”

६ तारखेला जोडणी बंद करायचा अर्ज दिला. शेवटचं रीडिंग माझ्यासमोर घेतलं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. अंतिम बिल ठेवीतून वळतं झालं, उरलेल्या रकमेसाठी रद्द केलेला चेक आणि डिमांड भरल्याची पावती जोडावी लागली. पैसे मार्चमध्ये खात्यात आले. दिवे, भाडं, दुरुस्ती आणि बल्ब मिळून नव्वद हजारांच्या आत, विजेचा आणि ठेकेदाराचा खर्च वेगळा.

आता दिवे माझ्या स्टुडिओत आहेत. नागपुरात कोणाला विद्यार्थी-प्रकल्पासाठी लागले तर बल्बच्या तासांचे पैसे घेऊन देते. येताना ज्या जागेत पेटवणार तिथल्या वीजबिलाची प्रत आणा, सोळा अँपिअरचे सॉकेट किती आणि कुठे आहेत त्याचा फोटो आणा. दोन हजारचा दिवा एकट्या माणसाला देत नाही, तो उचलायला दोघं लागतात.